सामूहिक वाचनासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? मजकूर मराठी, वर्ग मोठा आणि वाचन मोबाइलवर

प्रश्न: समासातली_टीप

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका कला महाविद्यालयात इतिहास शिकवते. द्वितीय वर्षाला एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र हा विषय आहे, आणि लोकहितवादी, जोतीराव फुले, आगरकर यांचे मूळ लेखन विद्यार्थ्यांनी स्वतः वाचावे अशी माझी इच्छा असते. प्रत्यक्षात बहुतेक जण गाइडमधले मुद्दे पाठ करून येतात, आणि ज्यांनी मूळ लेख खरोखर वाचलेला असतो त्यांनाही तो कुठे अडला हे सर्वांसमोर विचारण्याचा संकोच वाटतो. त्यामुळे तासाला मी बोलते आणि ते लिहून घेतात.

मला हवे आहे ते असे. तासाच्या आधी संपूर्ण वर्गाने एकच लेख आपापल्या घरी वाचावा. जे वाक्य कळले नाही किंवा पटले नाही त्यावर तिथल्या तिथे, पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहावे तसे लिहावे. ते इतरांना दिसावे, त्यांनी त्याला उत्तर द्यावे, आणि मला आदल्या रात्री ते सर्व पाहून उद्याचा तास कशावर घ्यायचा हे ठरवता यावे. मागील सत्रात मोबाइलवरील चर्चागटात हा प्रयोग केला होता. तिथे चर्चा होते, पण ती मजकुरापासून सुटून जाते. ‘तिसऱ्या परिच्छेदात जे म्हटले आहे त्याबद्दल’ असे कोणी लिहिले की तो परिच्छेद शोधण्यातच बाकीच्यांचा उत्साह संपतो, आणि सकाळपर्यंत तो संदेश वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो.

वर्गात साठच्या आसपास विद्यार्थी आहेत, बहुतेकांकडे फक्त मोबाइल आहे आणि खर्चाला तरतूद नाही. माझ्याकडील लेख पीडीएफ स्वरूपात आहेत. काही जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पाने, तर काही विभागातील एका सरांनी पूर्वी डीटीपी करून घेतलेले. असे वाचन ज्यात करता येईल असे कोणते सॉफ्टवेअर आपण वापरले आहे, ते मराठी मजकुरावर नीट चालते का, आणि विद्यार्थ्यांच्या टिपांना गुण द्यावेत का, हे कृपया सांगावे.

उत्तर १: पडताळा

मॅडम, आपण वर्णन केलेल्या अडचणीतूनच या प्रकारची सॉफ्टवेअर जन्माला आली आहेत. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तासाचा वेळ व्याख्यानाऐवजी विद्यार्थ्यांच्या आपसांतील चर्चेला द्यायला सुरुवात केली. मुले घरून वाचून आली तरच ही पद्धत चालते, आणि त्यांना वाचायला लावायचे कसे हीच तर सगळ्या शिक्षकांची डोकेदुखी आहे. त्या गरजेतून माझूर, राज्यशास्त्राचे प्राध्यापक गॅरी किंग, ब्रायन ल्यूकॉफ आणि केली मिलर यांनी पेरुसॉल तयार केले. त्यात शिक्षकाने लेख चढवायचा, विद्यार्थ्यांनी वर्गाचा सांकेतांक टाकून आत यायचे आणि मजकुरातील हवा तो भाग निवडून बाजूला प्रश्न किंवा मत लिहायचे. मोठा वर्ग असेल तर सॉफ्टवेअर त्याचे आपोआप लहान गट पाडते, आणि तासाआधी विद्यार्थी कोणकोणत्या जागी अडखळले याचा गोषवारा शिक्षकाला काढून देते. टिपांचे आपोआप मूल्यमापन करण्याची सोयही त्यात आहे. तिच्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, पण ते पुढे सांगतो.

दुसरा पर्याय हायपोथिसिस. २०११ मध्ये डॅन व्हेली यांनी सुरू केलेला हा प्रकल्प मुक्तस्रोत आहे आणि त्याची घडण वेगळी आहे. पेरुसॉलमध्ये लेख आत न्यावा लागतो. हायपोथिसिस मात्र वेबवरच्या कोणत्याही पानावर एक पारदर्शक थर टाकते आणि त्या थरावर आपल्या टिपा राहतात. मूळ पानाला धक्का लागत नाही. खाते काढायला आणि स्वतःचा खासगी गट करायला पैसे पडत नाहीत. महाविद्यालयाच्या मूडलला, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या प्रणालीला, ते अधिकृतपणे जोडायचे असेल तर मात्र शुल्क आहे. संगणकावर क्रोम ब्राउझरमध्ये विस्तार (एक्स्टेन्शन) बसवून ते वापरतात. अँड्रॉइड फोनवरील क्रोममध्ये विस्तार बसत नाहीत, म्हणून लेखाचा पत्ता हायपोथिसिसच्या ‘व्हाया’ या मधल्या दुव्यातून उघडावा लागतो. विद्यार्थ्यांना तो तयार दुवाच पाठवा, म्हणजे त्यांना काही बसवावे लागणार नाही.

आपल्या परिस्थितीत मी हायपोथिसिस घेईन, कारण ते उघडायला सोपे आहे आणि उद्या आपल्याला एखादे सरकारी संकेतस्थळ, विश्वकोशातील नोंद किंवा वृत्तपत्रातील लेख वाचायला द्यावासा वाटला तर तोही त्याच पद्धतीने देता येतो. फक्त एक जागा सांभाळा. टीप लिहिण्याच्या पट्टीत वरच्या बाजूला गटाचे नाव निवडण्याची सोय असते आणि तिथे सुरुवातीला ‘पब्लिक’ असते. विद्यार्थ्याने आपला गट निवडला नाही तर त्याची टीप साऱ्या जगाला दिसते आणि वर्गातील इतरांना मात्र गटात सापडत नाही. पहिल्या दिवशी वर्गातच सर्वांचे फोन उघडून गट निवडून घ्या आणि प्रत्येकाकडून एकेक टीप लिहून घ्या.

आणि साठ जणांचा एकच गट करू नका. पहिल्या पानावर चाळीस टिपा दिसल्या की एकेचाळिसाव्याला लिहिण्यासारखे काही उरत नाही, किंवा निदान त्याला तसे वाटते. आठ-दहा जणांचे गट केले तर प्रत्येकाच्या वाट्याला मजकूरही येतो आणि उत्तर द्यायला ओळखीचा माणूसही असतो. शिक्षकाला प्रत्येक गट वेगळा उघडून पाहावा लागतो, हा त्याचा तोटा आहे. पण तो पत्करण्याजोगा आहे.

उत्तर २: जुळारी

वरील उत्तराशी मी सहमत आहे. परंतु मॅडमनी विचारलेल्या ‘मराठीवर चालते का’ या प्रश्नाला त्यात उत्तर आलेले नाही, आणि माझ्या मते सारा खेळ तिथेच आहे. मी अक्षरजुळणीच्या व्यवसायात बरीच वर्षे आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी ही सॉफ्टवेअर टीप मजकुराला कशी चिकटवतात ते पाहू. वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये वेबवरील टिपांसाठी एक प्रमाण पद्धत मान्य केली, आणि हायपोथिसिस त्याच वळणाने जाते. आपण एखादे वाक्य निवडून त्यावर टीप लिहिली की सॉफ्टवेअर ते वाक्य जसेच्या तसे नोंदवते, शिवाय त्याच्या आधीचा आणि नंतरचा थोडा मजकूर, तसेच पानातील त्याचे स्थान नोंदवते. हायपोथिसिसमध्ये हा आधीचा आणि नंतरचा तुकडा प्रत्येकी ३२ वर्णांचा असतो. देवनागरीत काना, मात्रा आणि हलन्त हे सर्व स्वतंत्र वर्ण म्हणून मोजले जातात, म्हणजे ‘क्षा’ या एका अक्षराचे चार वर्ण होतात. त्यामुळे आपल्याला डोळ्यांनी दिसणारी अक्षरे ३२ पेक्षा बरीच कमी भरतात. दुसऱ्या विद्यार्थ्याने तेच पान उघडले की सॉफ्टवेअर या खुणांच्या आधारे वाक्य पुन्हा शोधते. किरकोळ फरक ते चालवून घेते, पण वाक्य अजिबातच सापडले नाही तर ती टीप ‘ऑर्फन्स’ म्हणजे पोरक्या टिपांच्या कप्प्यात जाऊन पडते.

आता आपल्या पीडीएफ पाहा. स्कॅन केलेले पान हे नुसते छायाचित्र असते. त्यात निवडायला मजकूरच नसतो. डीटीपी केलेल्या जुन्या फायलींची गोष्ट त्याहून फसवी आहे, कारण त्या डोळ्यांना अगदी व्यवस्थित दिसतात. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतील प्रत्येक वर्णाला एक ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसते, संगणकाच्या लेखी मात्र ती काही रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ असते. अशा फाइलवर विद्यार्थ्याने टीप लिहिली तर टिपेच्या डोक्यावर उद्धृत म्हणून तीच माळ उमटेल, शोध चालणार नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थी स्क्रीन रीडर वापरत असेल तर त्याला काहीच कळणार नाही. अगदी युनिकोड फॉन्टमधून केलेल्या पीडीएफमध्येही पहिली वेलांटी घात करते. पानावर ती व्यंजनाच्या डावीकडे दिसते, साठवताना मात्र व्यंजनानंतर यायला हवी. पीडीएफमधून मजकूर बाहेर काढताना हा क्रम अनेकदा उलटा होतो आणि ‘निवड’ हा शब्द सुट्या वेलांटीने सुरू होतो.

याची परीक्षा सोपी आहे. पीडीएफमधील दोन ओळी निवडून कॉपी करा आणि फोनवरील नोंदवहीच्या अ‍ॅपमध्ये चिकटवा. जसेच्या तसे मराठी उमटले तर फाइल चांगली; अन्यथा तिच्यावर सामूहिक वाचन करायला जाऊ नये.

उपाय असा की लेख पीडीएफमध्ये ठेवायचाच नाही. स्कॅन केलेले पान गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडले तर त्याचे ओसीआर होऊन, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखली जाऊन, मजकूर मिळतो; टेसरॅक्ट या मुक्त सॉफ्टवेअरमध्येही मराठीची सोय आहे. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक मिळतात. यांपैकी काहीही केले तरी मूळ पान समोर ठेवून मुद्रितशोधन करावेच लागते. जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार यांत ओसीआर हटकून घसरते. मग तो मजकूर एखाद्या मोफत ब्लॉगवर नोंद म्हणून टाका. ब्लॉगच्या साच्यात हायपोथिसिसची एका ओळीची स्क्रिप्ट बसवता येते. ती बसवली की विद्यार्थ्याने फोनवर साधा दुवा उघडला तरी टिपांची पट्टी आपोआप येते आणि ‘व्हाया’चीही गरज उरत नाही. अजून एक फायदा असा की युनिकोडमध्ये देवनागरीच्या एका वर्णाला ३ बाइट लागतात, म्हणजे दहा-बारा हजार वर्णांचा निबंधही चाळीस किलोबाइटच्या आत मावतो. ज्यांचा डेटा रोज संध्याकाळी संपतो त्यांना काही मेगाबाइटच्या स्कॅनपेक्षा हे परवडते. वाचन सुरू झाल्यावर मात्र लेखात मोठे बदल करू नका, नाहीतर आधीच्या टिपा पोरक्या होतील.

हे सर्व करणे शक्य नसेल तर निराळ्या जातीचे साधन घ्या. मूडलसाठी पीडीएफ अ‍ॅनोटेशन नावाचे एक मोफत प्लगइन आहे; ते जर्मनीतील आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झाले. त्यात वाक्य निवडून टीप लिहिता येते, तशीच पानावर टाचणी टोचून किंवा चौकट आखूनही लिहिता येते. टाचणी शब्दांना चिकटत नाही, पानावरील जागेला चिकटते. म्हणून स्कॅन असो वा जुना फॉन्ट, तिचे काही बिघडत नाही. शिक्षकाने परवानगी दिली तर नाव न दाखवता प्रश्न विचारण्याची सोयही त्यात आहे, आणि मॅडमनी ज्या संकोचाचा उल्लेख केला आहे त्यावर तिचा उपयोग होईल. फोनच्या लहान पडद्यावर संपूर्ण पान वाचणे मात्र त्रासाचे आहे.

उत्तर ३: ग्रंथपाल_कृष्णाकाठ

जुळारी यांच्या उत्तराला एक पुरवणी जोडतो. युनिकोड मजकूर स्वतः तयार करण्यापूर्वी तो मराठी विकिस्रोतावर आधीच आहे का, हे पाहावे. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली बरीच मराठी पुस्तके तिथे चढवलेली आहेत. भारतात ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असते. फुले १८९० मध्ये, लोकहितवादी १८९२ मध्ये आणि आगरकर १८९५ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांचे मूळ लेखन कोणालाही मुक्तपणे वापरता येते. नंतरच्या संपादकाने लिहिलेली प्रस्तावना आणि तळटीपा यांचा हक्क स्वतंत्र असतो, म्हणून त्या वगळून फक्त मूळ मजकूर घ्यावा. अलीकडच्या लेखकांचे उतारे वर्गापुरते वापरण्याबाबत स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये अध्यापनासाठी सवलत आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये छायाप्रतींच्या प्रकरणात तिचा अर्थ बराच उदारपणे लावला. तरीही असा मजकूर खुल्या ब्लॉगवर ठेवणे वेगळे आणि खासगी गटात देणे वेगळे, हे ध्यानात ठेवावे.

परंतु मला विकिस्रोत सुचवायचे आहे ते निराळ्या कारणाने. तिथले मुद्रितशोधन हेच एक सामूहिक वाचन आहे. पडद्यावर एका बाजूला मूळ छापील पान आणि दुसऱ्या बाजूला ओसीआरचा मजकूर असतो. विद्यार्थ्याने शब्द अन् शब्द ताडून पाहायचा. न तपासलेल्या पानाची खूण लाल असते, एकाने तपासले की ती पिवळी होते, आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासल्यावरच हिरवी होते. पिवळे आणि हिरवे करणारी व्यक्ती एकच असून चालत नाही, ही अट सॉफ्टवेअरमध्येच घातलेली आहे.

आमच्या ग्रंथालयात काही विद्यार्थ्यांनी हे काम केले तेव्हा सर्वांत मोठा वाद अनुस्वारांवरून झाला. जुन्या पुस्तकात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘त्यांत’ असे छापलेले असते. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि तेव्हा असे अनेक अनुस्वार गेले. मुलांना हे ठाऊक नसल्यामुळे ती हातोहात ‘चुका’ दुरुस्त करू लागली, तर दुसऱ्या तपासणाऱ्यांनी मूळ पान दाखवून ते अनुस्वार परत आणले. मूळ छपाई जशी असेल तशीच ठेवायची हा तिथला दंडक आहे. चर्चापानावर यावरून जी बोलाचाली झाली तीत मुलांनी ते पान किती बारकाईने वाचले होते हे स्पष्ट दिसत होते. मॅडम, आपल्याला मजकूर तर लागणारच आहे. तो वर्गाकडूनच तयार करून घेतलात तर वाचनाची पहिली फेरी त्यातच होऊन जाईल.

उत्तर ४: पाटी_दप्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते, त्यामुळे माझी परिस्थिती वेगळी आहे. तरी एक शंका मांडते. वर चाललेली चर्चा साधनांची आहे. पण समासात लिहायचे काय, हे मुलांना कोणी सांगितले आहे का? मोकळी जागा दिली की मुले ‘छान’, ‘बरोबर’, ‘सहमत’ एवढेच लिहितात, आणि तो काही त्यांचा आळस नसतो. वाचताना डोक्यात काय चालावे हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते.

अ‍ॅनमेरी पॅलिंकसार आणि अ‍ॅन ब्राउन या दोन अमेरिकन संशोधिकांनी १९८४ मध्ये एक पद्धत मांडली. वाचता येते पण अर्थ लागत नाही अशा सातवीच्याच मुलांबरोबर त्यांनी काम केले होते. लहान गटाने एक उतारा वाचायचा आणि दरवेळी एका मुलाने शिक्षकाची जागा घेऊन चार कामे करायची: थोडक्यात सांगणे, प्रश्न विचारणे, अडलेले उलगडणे आणि पुढे काय येईल याचा अंदाज करणे. महत्त्वाचे म्हणजे ही चारही कामे शिक्षक आधी स्वतः मोठ्याने करून दाखवतो आणि मग हळूहळू मागे सरतो. कोणत्याही टिपांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे करता येते. पहिल्या लेखाच्या पहिल्या पानावर शिक्षकानेच आपल्या खऱ्या टिपा लिहून ठेवाव्यात, त्यांत ‘हे मलाही नीट कळलेले नाही’ अशीही एखादी असावी, आणि गटातील चौघांना चार कामे वाटून ती दर आठवड्याला फिरवावीत.

आणखी एक गोष्ट. आमच्याकडे प्रशिक्षणात वाचनाची अ‍ॅप म्हणून जी दाखवली जातात ती बहुधा एकट्याने वाचण्याची असतात. गूगलने २०१९ मध्ये ‘बोलो’ या नावाने भारतात आणलेले आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेले अ‍ॅप मराठीतही आले. त्यातले दिया नावाचे पात्र मुलाचे वाचन ऐकून अडलेला शब्द सांगते. उच्चार सुधारायला ते चांगले आहे, पण त्यात दुसरा वाचक नाही. आम्ही ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या २०१५ पासूनच्या मोफत संग्रहातील मराठी गोष्टी घेतो आणि दोन मुलांत एक टॅब देतो. दर पानावर थांबून एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे. आमच्या मुलांना ऑनलाइन खाती काढून देणे मी टाळते, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. महाविद्यालयात ही अडचण कमी येईल.

समासातली_टीप

सर्वांचे मनापासून आभार. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात केली, त्याची हकीकत लिहिते. जुळारी यांनी सांगितलेल्या परीक्षेत माझ्याकडील डीटीपीच्या फायली सपशेल नापास झाल्या. मग लोकहितवादींच्या शतपत्रांपैकी एक पत्र घेतले, कारण ही पत्रे १८४८ पासून ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात सुटी सुटी छापली गेली आणि एकेक पत्र एका बैठकीत वाचून होते. दोन विद्यार्थिनींनी ते टाइप केले, इतर दोघांनी ताडून पाहिले आणि ब्लॉगवर ठेवले. वर्गाचे गट केले आणि पाटी_दप्तर ताईंच्या सूचनेप्रमाणे कामे वाटून दिली.

एका गटात जे घडले ते सांगण्यासारखे आहे. इंग्रजी राज्यासंबंधीचे एक वाक्य निवडून एका मुलाने लिहिले, ‘हा माणूस इंग्रजांचा पक्षपाती दिसतो.’ त्याखाली एकीने विचारले, ‘हे लिहिले केव्हा?’ तिसऱ्याने १८४८ हे साल दिले आणि पेशवाई १८१८ मध्ये संपली याची आठवण करून दिली. मग तीच मुलगी रात्री उशिरा पुन्हा आली आणि तिने लिहिले की लेखकाचा जन्म १८२३ चा आहे, म्हणजे त्याने पेशवाई पाहिलेलीच नाही, जे ऐकले ते घरातल्या मोठ्यांकडून. आणि हे पत्र लिहिताना तो पंचविशीचा होता, आपल्यापेक्षा फार मोठा नव्हता. पहिल्या मुलाने त्यावर एवढेच लिहिले की मग त्याचा राग नेमका कोणावर आहे हे पाहण्यासाठी पुढचे पत्रही वाचावे लागेल. दुसऱ्या दिवशीचा माझा तास त्या प्रश्नावरच झाला. मी केलेली टिपणे तशीच पिशवीत राहिली.

सर्व गटांत असे झाले नाही. दोन गट जवळजवळ गप्पच राहिले, आणि एकात सर्व टिपा शेवटच्या अर्ध्या तासात, पहिल्याच परिच्छेदावर आल्या. म्हणून गुणांचा प्रश्न पुन्हा विचारते. अंतर्गत मूल्यमापनात यासाठी थोडे गुण ठेवता येतील. ते कसे द्यावेत?

पडताळा

आपल्या गटातील त्या मुलीने आपल्या प्रश्नाचे उत्तर अर्धे दिलेच आहे. ती रात्री परत आली ती कोणीतरी उत्तर दिले होते म्हणून. पेरुसॉलमधील यांत्रिक मूल्यमापनाबद्दल माझा आक्षेप इथेच आहे. टिपेची गुणवत्ता, मजकूरभर टिपांची विभागणी, दिलेला वेळ, इतरांना दिलेली उत्तरे अशा अनेक गोष्टी त्यात मोजता येतात आणि कशाला किती वजन द्यायचे ते शिक्षक ठरवू शकतो, हे मान्य. पण गुणवत्तेला यंत्र गुण देते हे कळले की विद्यार्थी यंत्राला आवडेल असे लांबलचक लिहू लागतात. ‘हे लिहिले केव्हा?’ हा तीन शब्दांचा प्रश्न अशा मोजणीत कुठे बसेल? आपल्या वर्गातील सर्वांत कामाची टीप तीच होती.

म्हणून मी गुणवत्तेला गुण देत नाही, नियमितपणाला देतो. प्रत्येक लेखावर दोन टिपा आणि इतर कोणाला तरी एक उत्तर. त्यांतली निदान एक टीप लेखाच्या शेवटच्या तृतीयांशातली हवी, म्हणजे पहिल्या परिच्छेदावरची गर्दी मोडते. टिपा तासाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत आणि उत्तर रात्रीपर्यंत, असे दोन वेगळे मुदतबिंदू ठेवा. एकच मुदत ठेवली तर सगळे शेवटच्या घटकेला येतात आणि उत्तर द्यायला कोणी उरतच नाही; आपल्या तिसऱ्या गटाचे बहुधा हेच झाले असावे. इतके केले की पूर्ण गुण, न केले की नाहीत, मधले काही नाही. मोजायला सोपे जाते आणि भांडणे होत नाहीत.

गप्प गटांविषयी मात्र गुणांनी काही होईल असे मला वाटत नाही. त्या दोन गटांत मजकूर कोणाकोणाच्या फोनवर उघडला होता, हे आधी विचारून घ्या. नंतर प्रत्येक गटात बोलक्या गटातील एकेकाला पाठवून रचना बदलून पाहा, आणि पुढच्या पत्राच्या मध्यावर आपण स्वतः एक खरा प्रश्न लिहून ठेवा, ज्याचे उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही.